नदीचं मूळ, चॉकलेटचं कूळ

रत्नागिरीच्या माणसाला चौकशीचा कंटाळा नाही. मिरकरवाडा बंदरावर सुरमई घ्यायची तर तो आधी कल्ला उचलून बघणार, मग ती बर्फात किती दिवस होती ते विचारणार आणि उत्तर मिळालं तरी त्यावर विश्वास ठेवणार नाही. आंब्याचं तर बोलायलाच नको. पेटीतलं गवत बाजूला सारून देठाशी नाक नेलं की निकाल तयार, "हा आपल्याकडचा नव्हे. कर्नाटकातला." कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं २०१८ साली, त्याआधी कैक पिढ्या ते आमच्या नाकात होतं.

हाच माणूस राम आळीत नातवाला चॉकलेट घ्यायला उभा राहिला की एवढंच विचारतो, "दहाचं आहे का?"

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात. मोठ्या कंपन्यांनी त्या दोघांच्या पंगतीत चॉकलेटचंही पान मांडून घेतलं आहे. जाहिरातीत राखी येते, दिवाळी येते, रुसलेली बायको हसते. कोको कुठल्या झाडाला लागतो आणि ते झाड कोण राखतं, एवढंच सांगायचं राहून जातं.

जगातला निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. तिथली शेतं लहान, हातात पडणारा पैसा तुटपुंजा, मजूर लावणं परवडत नाही. मग घरचीच पोरं कोयता घेऊन कोकोची फळं फोडतात. २००१ साली अमेरिकेत बड्या कंपन्यांनी करारावर सह्या केल्या, की बालमजुरीचे सर्वांत वाईट प्रकार २००५ पर्यंत संपवू. मुदत वाढली, पुन्हा वाढली. मुंबई-गोवा महामार्गाच्या तारखा ऐकत म्हातारा झालेल्या माणसाला यात नवल नाही. २०२० साली शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांचा अहवाल आला: या दोन देशांत कोकोच्या कामात सुमारे १५ लाख ६० हजार मुलं.

हे सगळं मला ऐकवलं ते पुण्यात शिकणाऱ्या भाचीने, मी हौसेने पुढे केलेलं चॉकलेट परत माझ्याच खिशात ठेवत. "मामा, आयव्हरी कोस्ट माहीत आहे का तुला?"

माहीत नसायला काय झालं! कोकणातला काजूवाला उठता-बसता त्या देशाचा उद्धार करतो. कच्ची काजू बी जगात सर्वांत जास्त तिथेच पिकते आणि बाहेरची बी बोटीने येऊन उतरली की आमच्या बीचा भाव बसतो. ज्याला आम्ही भाव पाडणारा म्हणून शिव्या घालत होतो, तो आमच्याहून गरीब निघाला. पंचाईतच झाली.

मग बऱ्या चॉकलेटचा शोध सुरू झाला. टोनीज चोकोलोनली ही डच कंपनी वडीचे तुकडे मुद्दाम लहानमोठे पाडते. कोकोच्या धंद्यातली वाटणी अशीच विषम आहे, हे दाखवायला. विचार थोर आहे. पण ती वडी दोन नातवंडांत वाटायला त्या डच मंडळींनी एकदा आमच्या घरी यावं. जवळपास पाहिलं तर पुत्तूरला कॅम्पकोचा कारखाना. सुपारी बागायतदारांची ही सहकारी संस्था १९७३ची. पुढे कोकोचा भाव कोसळला, खासगी खरेदीदारांनी हात आखडता घेतला, तेव्हा संस्थेने बागायतदारांचा कोको घेतला आणि १९८६ साली स्वतःचा चॉकलेटचा कारखानाच काढला. म्हणजे ज्याच्या आंब्याला नाक मुरडलं, त्याच कर्नाटकाचं चॉकलेट मुकाट्याने तोंडात टाकणं आलं.

भाचीचं एवढ्यावर भागलं नाही. "युरोपात कोकोच्या लोण्याशिवाय दुसरी वनस्पतीची चरबी चॉकलेटात पाच टक्क्यांपर्यंत चालते. सहाच जिनसांना परवानगी आहे. त्यांत आपलं कोकम आहे, आणि आंब्याची कोयसुद्धा."

टाचांच्या भेगांना चोळायचं कोकमाचं मुठेल, आणि त्याला साहेबाच्या चॉकलेटात मान! माझी छाती फुगली. लगेच तिला मुठेलाची सगळी कुळकथा सांगितली. मे महिन्यात रतांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायचे, बिया वाळवायच्या, कुटून पाण्यात उकळायच्या, वर तरंगलेलं तेल काढायचं आणि थिजत आलं की मुठीत दाबून गोळे वळायचे. रतांबे फोडणाऱ्या बायकांचे हात मोसमभर लालजांभळे.

"आणि त्या बायकांना रोज किती मिळतो?" भाचीने विचारलं.

छाती होती तिथे आली. तोवर पुढचा प्रश्न तयार होता. आमची चार कलमं आहेत. रत्नागिरीतल्या अनेक बागांसारखी तिथेही राखणीला नेपाळी कुटुंब असतं. "त्यांचा मुलगा कुठल्या शाळेत जातो, मामा?"

न्यायाचं चॉकलेट खाण्यात धोका आहे तो हा. चौकशीची ही खोड एकदा लागली की ती आफ्रिकेत थांबत नाही. मजुरीचा, मुलांचा, शाळेचा प्रश्न मिळेल ती बोट पकडतो आणि मिरकरवाड्याला उतरून थेट आपल्या गडग्याशी येऊन उभा राहतो. तिथे उत्तर द्यायला कंपनीचा प्रवक्ता नसतो. आपल्यालाच घसा खाकरावा लागतो.