तंबूची नोंद कोण ठेवणार?

पुण्याच्या मंडईत ‘आर्यन’ आणि ‘मिनर्व्हा’ नावाचे वाहनतळ आहेत. दोन्ही नावं जुन्या थिएटरांची. आर्यन १९१५ सालचं, पुण्यातलं पहिलं. थिएटर गेलं, पण पाटीवर नाव तरी उरलं. जत्रेतल्या सिनेमाच्या तंबूला कसली पाटी? जत्रा उठली की खुंट्या उपटायच्या आणि ट्रक पुढच्या गावाला.

आखाडा बाळापूर हे हिंगोली-नांदेड रस्त्यावरचं बाजाराचं गाव. अशा गावांना सिनेमा दाखवला तो टुरिंग टॉकीजने. भोंग्यावरून नटनट्यांच्या नावांचा पुकारा व्हायचा. आत जमिनीवर बैठक. मधे दोरी, एका बाजूला बायका, दुसरीकडे गडी. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं. फिल्म तुटली की ऑपरेटर टोकं खरवडून, फिल्म सिमेंट लावून अंधारात जोडायचा, आणि शिट्ट्याही त्यानेच खायच्या. त्या माणसाला मी कलावंत मानतो.

‘मोबाईलने टॉकीज मारली’ हे उत्तर मला पटत नाही. टीव्ही आणि व्हिडिओचे फटके खाऊनही तंबू जत्रेत उभे राहात होते. सिनेमा डिजिटल झाला, नव्या चित्रपटांच्या रिळांच्या प्रती निघणं थांबलं, आणि चालू मशीन भंगारात निघालं. नवं यंत्र घ्यायला त्या मालकांना हात कोणी दिला? शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या या फिरत्या टॉकीजवर ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला. २०१६ साली तो कान चित्रपट महोत्सवात पोचला. आपल्या जिल्ह्यांच्या इतिहासात मात्र टॉकीजला एक पान मिळू नये?

पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. तिथे चित्रपट जपले जातात. ते जिथे बसून पाहिले, त्या जागांची नोंदही जपायला हवी. सुरुवात परवान्यांच्या कागदांपासून करता येईल. सिनेमाचा परवाना जिल्हा दंडाधिकारी देत. हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी, म्हणजे त्याआधीचे कागद परभणीच्या दफ्तरात शोधायला हवेत. इतिहासाच्या प्राध्यापकांनी एखाद्या विद्यार्थ्याला एवढं काम लावावं.

आणि वाचकहो, तुमच्या गावात कोणी जुना ऑपरेटर, डोअरकीपर, पोस्टर चिकटवणारा असेल तर आजच त्याच्याजवळ बसा. तंबू कुठल्या मैदानात लागायचा, तिकीट किती होतं, कोणता सिनेमा किती दिवस चालला, सगळं लिहून घ्या. एक प्रत गावच्या वाचनालयात द्या. ही माणसं आता थकली आहेत. पुढच्या जत्रेची वाट पाहू नका.