रंकाळ्याची नियोजनबद्ध फेरी

नियोजन हा माझा प्रांत आहे, असं माझं ठाम मत. माझ्या नियोजनाबद्दल घरच्यांचंही काही मत आहे. ते कानावर पडू नये एवढं नियोजन मी आधीच करून ठेवतो.

रविवारी सगळ्यांनी मिळून रंकाळा तलावाला पायी फेरी मारायची, असं मी घरच्या ग्रुपवर जाहीर केलं. टॉवरपाशी जमायचं, संध्यामठ बघायचा, शालिनी पॅलेससमोर फोटो आणि सूर्यास्ताला चौपाटी. प्रत्येक ठिकाणापुढे वेळ. मिनिटांसकट. बायकोनं अंगठा पाठवला. आत्यानं लिहिलं, "मी येतो, पण चालत न्हाई." (आमच्या कोल्हापुरात बायका अशाच 'येतो-जातो'. आत्याला 'येते' म्हणायला लावणं कुणाच्या बापाला जमलेलं नाही.)

फेरीत मुलांना काहीतरी बौद्धिक मिळावं म्हणून मी नंदीचा मुद्दा काढला. रंकाळ्याकाठचा नंदी रोज गव्हाभर पुढे सरकतो आणि तांदळाभर मागे येतो. तो तळ्याला पोचला की जगबुडी. लहानपणी ही गोष्ट ऐकून आमची झोप उडायची, कारण हिशेब कुणीच केला नव्हता. मी केला. फरक रोज एक मिलिमीटर धरला, तरी वर्षाला साडेछत्तीस सेंटीमीटर भरतात. हजार वर्षांत 365 मीटर! म्हणजे नंदी एव्हाना पाणी ओलांडून शालिनी पॅलेसात मुक्कामाला असायला हवा. तो जागेवरच आहे, तेव्हा खरा प्रश्न तांदळाच्या जातीचा. आजऱ्याचा घनसाळ घेतला तर दाणा आखूड, नंदी पुढे सरकणार, जग धोक्यात. बासमती घेतला तर दाणा गव्हाहून लांब; नंदी रोज थोडा मागेच जाईल आणि काही शतकांनी शहरात शिरून वाहतूक अडवील. जिल्ह्याचा अभिमान घनसाळकडे ओढतो, जिवाची काळजी बासमतीकडे. हे सगळं मी ग्रुपवर सविस्तर लिहिलं. बराच वेळ शांतता. मग मुलीचा प्रश्न आला, "बाबा, तांदूळ कच्चा धरलाय की शिजलेला?"

या गडबडीत बाबांचा मेसेज वर सरकून गेला होता. एवढाच होता : "बाकडी कुठं कुठं हायत?"

हेच बाबा पहाटे रंकाळा फिरून, गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पिऊन, मी अंथरूण सोडायच्या आत घरी असायचे. पोहायलाही ते याच पाण्यात शिकले. आज त्यात पाय बुडवायचा म्हटलं तरी माणूस आधी वास घेतो. आलेल्या पाहुण्याला आम्ही कौतुकानं रंकाळा दाखवतो आणि घरातल्या सांडपाण्यालाही वाट त्याचीच दाखवतो. जलपर्णी माजली की मग चार दिवस हळहळतो. याची चीड येते, पण बाबांपुढे ती काढता येत नाही. त्यांचं पाणी आमच्याच पिढीनं घालवलंय. ते त्याबद्दल बोलत नाहीत. गुडघ्यांबद्दलही बोलत नाहीत. बाकड्यांबद्दल विचारतात.

शनिवारी मी गुपचूप एक फेरी मारून बाकडी बघून आलो. कुठलं सावलीत, कुठल्याची पाठ मोडलेली, कुठल्यावर जोडपी ठाण मांडून असतात, सगळं टिपलं. एका ठिकाणी दोन बाकड्यांमधलं अंतर मला फारच वाटलं. तिथे घडीची खुर्ची न्यायचं ठरवलं. नवा आराखडा ग्रुपवर टाकला, त्याला 'विश्रांतीबिंदूंचा आराखडा' असं भारदस्त नाव दिलं, आणि खुर्चीपुढे 'आईसाठी' असं लिहिलं.

आईचं उत्तर लगेच आलं, "मला कशाला खुर्ची? मी तुम्हा सगळ्यांच्या पुढं असतो."

बाबांनी अंगठा पाठवला.

आत्यानं लिहिलं, "त्यातलं भेळीच्या गाडीजवळचं बाकडं कुठलं, तेवढं सांग. मी थेट तिथंच येऊन बसतो."