बाबांचं टॉनिक

पोर्तो, पोर्तुगाल

ती. सौ. आईंना सा. न.

बाबा ठणठणीत आहेत आणि सरळ रेषेत चालताहेत, हे आधी सांगते. मंदारने पाठवलेल्या फोटोत त्यांच्यासमोर ग्लासांची जी रांग दिसते, तिच्यावरून मालवणात बराच बोभाटा झाल्याचं ताईंनी कळवलं. त्यातले निम्मे ग्लास मंदारचे. उरलेल्यांबद्दल सविस्तर लिहिते.

दोरू नदीच्या या काठाला पोर्तो आणि पलीकडे गाया. पूर्वी वरच्या खोऱ्यातून वाईनची पिंपं होड्यांतून इथे उतरायची, म्हणून पोर्टची जुनी कोठारं गायाच्या काठालाच आहेत. बाबा निघाले तेच नाक मुरडत. पोर्ट म्हणजे बांद्याच्या पलीकडे गोव्यात मिळते ती. आजाऱ्याला झाकणभर द्यायचं टॉनिक, त्याची चव बघायला तिकीट कसलं काढता? दाराशी तिकीट मागितलं, तर स्वारीने पाकिटातून महाराष्ट्र सरकारचा आजन्म परवाना काढून पुढे केला. आरोग्य राखण्यासाठी मद्य बाळगायला आणि प्यायला मुभा देणारा, तोच. त्या मुलीने तो दोन्ही बाजूंनी बघितला, मग बाबांकडे बघितलं आणि ज्येष्ठ नागरिकांच्या दरात तिकीट दिलं. सवलत परवान्यामुळेच मिळाली, असं बाबा आजही छातीठोक सांगतात.

आत अंधार, गारवा आणि माणसापेक्षा उंच पिंपं. गाईड पोरगी बोलायला चुणचुणीत. द्राक्षांचा रस आंबू लागला की त्यातल्या साखरेचं मद्य होत जातं. पोर्टवाले हे काम मध्येच थांबवतात. चार भाग रसाला साधारण एक भाग ७७ टक्क्यांचं द्राक्षांचं कडक मद्य ओततात. यीस्टचा तिथल्या तिथे निकाल लागतो आणि उरलेली साखर तशीच राहते. म्हणून ही गोड, आणि म्हणूनच जहालही. साधी वाईन १२-१३ टक्क्यांची, ही २० च्या आसपास. २०२२ मध्ये सरकारने वाईन सुपरमार्केटात ठेवायचा निर्णय घेतला, तेव्हा वाईन म्हणजे दारू की नव्हे यावर आपल्या ओटीवर किती चहा संपला, ते तुम्हीच जाणता. बाबा म्हणाले, या लोकांनी दोन्ही पक्ष एकाच बाटलीत बसवले.

पहिली आली ती रुबी, लालभडक. 'बरी आहे,' एवढंच प्रमाणपत्र मिळालं. सोबत निळ्या बुरशीचं चीज होतं. पोर्टबरोबर ते खायची इंग्रजांची फार जुनी रीत आहे, पण बुरशी आलेली वस्तू पाहुण्याला वाढतात म्हटल्यावर बाबांनी ताटली मंदारकडे सरकवली. दुसरी टॉनी, वीस वर्षांची. ही लाकडी पिंपात मुरते, मुरता मुरता लाली जाते आणि तपकिरी छटा येते. बाबांनी एक घोट घेतला आणि गप्प झाले. आई, बाबा गप्प! मी ग्लास नाकाशी नेला, तर अक्रोड, सुकं अंजीर आणि किंचित करपलेल्या साखरेचा वास. मग मीही थोडी घेतली. (ताईंना सांगू नका.)

मला एकदम तुमच्या खाज्यांची आठवण झाली. पर्समध्ये पुडी होतीच. बाहेरचं खाणं चालतं का, हे विचारायच्या आत बाबांनी एक खाजं मोडलंसुद्धा. आल्याचा झणका आणि गुळाचा चिकटा जिभेवर असताना वरून टॉनीचा घोट घ्यायचा. आल्याचा तिखटपणा मागे सरतो, गूळ पुढे येतो. गाईडने दुसरं खाजं मागून घेतलं आणि नाव लिहून घेतलं. त्या चीजपेक्षा हे शंभर पटींनी बरं, हे माझं मत आहे आणि मी ते बदलणार नाही.

पुढे थोडं बिनसलं. पोर्ट हे नाव फक्त दोरूच्या खोऱ्यातल्या वाईनला, असा युरोपचा कायदा. खोऱ्याची हद्द १७५६ मध्येच ठरली आणि मग दगड रोवून पक्की केली. गडग्याचा प्रश्न म्हटल्यावर बाबांना ते लगेच पटलं. पण म्हणजे गोव्याची बाटली पोर्ट नव्हे, हे लक्षात येताच भडकले. 'साडेचारशे वर्सां आमच्या उशाक बसान गेले, एक नाव ठेवून घेतला तर बिघाडला खंय?' मंदारने याचं भाषांतर 'बाबांना माहिती आवडली' असं केलं.

त्यांचा राग घालवला मदैरा बेटाच्या वाईनने. तिची पिंपं पूर्वी जहाजाच्या तळाशी टाकून भारतापर्यंत न्यायचे. विषुववृत्त ओलांडताना जातायेता उकाड्याने ती शिजून निघायची आणि न विकता परत आली तर आधीपेक्षा चांगली लागायची. भारत फिरून आलेल्या त्या वाईनला जादा भाव असे. आता जहाजं नाहीत. काही वाईन टाक्यांत घालून तीन महिने ४५-५० अंशांवर तापवतात, आणि उंची माल उन्हाने तापलेल्या माळ्यांवर पिंपात वर्षानुवर्षं ठेवतात. एवढं सोसलेली असल्यामुळे उघडलेली बाटलीही कित्येक महिने बिघडत नाही. बाबांनी टेबलावर थाप मारली. 'आमच्या उन्हाचो गुण तो!' तेव्हापासून भेटेल त्या पोर्तुगीजाला हे ऐकवतात.

मुख्य काम आता सांगते. गोव्याच्या बाटल्या आणून आपल्या माळ्यावर कौलांखाली ठेवायच्या आणि वीस वर्षं हात लावायचा नाही, असा बेत शिजलाय. पुढच्या श्रावणात त्यांना पंच्याहत्तर पुरी होतात, हे मी हळूच काढलं, तर म्हणाले, म्हणूनच लवकर सुरुवात करायची. माळा रिकामा करून ठेवा, असा तुम्हाला निरोप आहे. तिथे लोणच्याच्या बरण्या आहेत म्हटलं, तर म्हणाले, बरण्या खाली आणायला सांग.

आणू नका.

तुमची,
सूनबाई

ता. क. येणाऱ्या कुणाबरोबर खाजी पाठवा, जरा जास्तच. गाईड विचारत होती.