येऊ घातलेले थीम पार्क

थीम पार्क दोन प्रकारची असतात: उभी राहिलेली आणि येऊ घातलेली. उभ्या राहिलेल्या पार्कला तिकीटखिडकी असते, पाळण्यांची देखभाल असते, बँकेचा हप्ता असतो आणि पावसाळ्यात ओस पडणारा वाहनतळ असतो. येऊ घातलेल्या पार्कला यांतले काहीच लागत नाही. त्याला फक्त जमीन लागते, आणि तीही दुसऱ्याची चालते. या काटकसरीमुळे महाराष्ट्रात दुसऱ्या प्रकाराचा प्रसार पहिल्यापेक्षा बराच अधिक आहे.

अशा पार्कची अफवा वाटेल त्या जमिनीत रुजत नाही. तिला दोन प्रकारच्या जमिनी मानवतात. पहिली, शहराच्या ऐन मध्यावरची मोकळी जागा, जिचा भाडेपट्टा संपला आहे किंवा संपत आला आहे. दुसरी, नव्या रस्त्याच्या, पुलाच्या किंवा विमानतळाच्या आसपासची शेतजमीन. अटल सेतू जानेवारी 2024 मध्ये वाहतुकीला खुला झाला आणि नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर 2025 मध्ये झाले. त्यामुळे उरण-पनवेल पट्ट्यात या पिकाला दीर्घकाळ पोषक हवामान लाभले. सरकारी जागा भाड्याने, खासगी जागा वडिलोपार्जित आणि दोहोंवर अनेकांची नजर, एवढी परिस्थिती जुळून आली की बी आपोआप पडते. ते कोणी टाकले, याचा शोध आजवर लागलेला नाही, कारण विचारले असता प्रत्येक जण ‘असं ऐकलंय’ एवढेच सांगतो.

शहरी प्रकाराचा अभ्यास करणाऱ्याने मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सपासून सुरुवात करावी. 1883 पासून येथे घोडे पळत आहेत आणि सकाळी-संध्याकाळी आतल्या वाटेवरून नागरिक चालत आहेत. सुमारे 211 एकरांची ही जमीन काही राज्य सरकारची, काही महापालिकेची. वापर रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबचा. क्लबचा भाडेपट्टा 31 मे 2013 रोजी संपला आणि त्याच सुमारास मुंबईकरांना थीम पार्कची निकड आहे, हे उघडकीस आले. तेव्हा महापालिकेत सत्तेवर असलेल्या शिवसेनेने उद्धव ठाकरे यांच्या पुढाकाराने रेसकोर्सवर थीम पार्क व्हावे, अशी मागणी लावून धरली. राज्यात काँग्रेस आघाडीचे सरकार होते. घोडे, क्लब, महापालिका आणि मंत्रालय या चौघांमध्ये फक्त घोडे जागचे हलले.

त्यानंतरची दहा वर्षे अफवा सुप्तावस्थेत होती. ती मेली नव्हती. भाडेपट्ट्याचा प्रश्न जिवंत असेपर्यंत ती मरत नाही. 2023 च्या अखेरीस एकनाथ शिंदे मुख्यमंत्री असताना रेसकोर्सच्या जागेवर आंतरराष्ट्रीय दर्जाचे पार्क करण्याच्या हालचालींची चर्चा पुन्हा सुरू झाली. या वेळी आदित्य ठाकरे यांनी रेसकोर्स वाचवण्यासाठी विरोधाचा झेंडा हाती घेतला. 2013 मध्ये शिवसेना प्रस्तावाच्या बाजूने होती. 2023 मध्ये ती बाजूनेही होती आणि विरोधातही होती. 2022 मध्ये पक्ष दुभंगल्याने ही दुहेरी सोय उपलब्ध झाली. कोणत्याही थीम पार्कसंबंधी पक्षाची भूमिका जाणून घ्यायची असल्यास त्याचा जाहीरनामा वाचण्यात वेळ दवडू नये. जमिनीची फाईल ज्या टेबलावर आहे ते टेबल कोणाचे, एवढे पाहावे. टेबल आपले असेल तर पार्क ही जनतेची मागणी असते. दुसऱ्याचे असेल तर तो भूखंडाचा घोटाळा असतो.

या वेळी मात्र प्रकरण पुढे सरकले. जानेवारी 2024 मध्ये क्लबच्या सभासदांनी मतदान केले. 708 पैकी 540 मते प्रस्तावाच्या बाजूने पडली. त्याच वर्षी राज्य सरकारने 120 एकर जागा महापालिकेला सार्वजनिक उद्यानासाठी देण्याचा आणि 91 एकर क्लबकडे ठेवण्याचा निर्णय घेतला. किनारी रस्त्यासाठी भराव घालून तयार झालेल्या जागेपैकी सुमारे 175 एकर या उद्यानाला जोडायचे ठरले. या टप्प्यावर ‘थीम पार्क’ हा शब्द सरकारी कागदांतून नाहीसा झाला आणि ‘सेंट्रल पार्क’ हा शब्द अवतरला. पूर्वी संशय असा होता की पार्कच्या नावाखाली बांधकाम होईल. आता बांधकाम होणार नाही, असे आश्वासन आहे, त्यामुळे संशयाला नवे काम मिळाले आहे: ते बांधकाम नेमके कुठे होणार नाही, हे शोधण्याचे.

अफवेला बाळसे धरायचे तर चित्र लागते. त्याला संकल्पचित्र म्हणतात. ते बहुधा वरून, घारीच्या उंचीवरून काढलेले असते. त्यात आभाळ निळे आणि गवत त्याहून हिरवे असते. डावीकडे कारंजे, उजवीकडे मोठा पाळणा, मधल्या रुंद रस्त्यावर एक गोरे जोडपे हात धरून चाललेले आणि त्यांच्या पुढे लाल फुगा घेतलेली मुलगी. फुगेवाला दिसत नाही. विजेची तार, भटका कुत्रा, वडापावची गाडी, ‘येथे थुंकू नये’ची पाटी आणि त्या पाटीवरचे लाल शिंतोडे यांपैकी काहीही नसते. झाडे नारळाची असतात. नीट पाहिल्यास त्यांच्या सावल्या दोन वेगवेगळ्या दिशांना पडलेल्या आढळतात. कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘चित्र केवळ कल्पनेसाठी’ असे छापलेले असते. संपूर्ण प्रकल्पात खात्रीने खरे ठरणारे विधान तेवढेच.

ग्रामीण प्रकारात चित्राची जागा सातबारा घेतो. रस्त्यालगतच्या गावात एके दिवशी पांढरी गाडी येते. गाडीतून उतरलेला माणूस चहाच्या टपरीवर चहा घेतो, पैसे देताना सुट्टे परत घेत नाही आणि तलाठ्याचे कार्यालय कुठे, असे विचारतो. तो कोण, हे कोणी विचारत नाही. पार्क कुठे होणार, एवढेच विचारतात, आणि तो हसतो. संध्याकाळपर्यंत गुंठ्याचा भाव वाढलेला असतो. पुढच्या आठवड्यात मुंबईत नोकरी करणारे चुलतभाऊ गणपती नसतानाही गावी येतात, वाटणीपत्र बाहेर निघते, ‘इतर हक्क’ या रकान्यात नाव असलेल्या आत्याची सगळ्यांना एकदम आठवण होते. इसार दिले-घेतले जातात, साठेखते होतात, कुलमुखत्यारपत्रे लिहिली जातात. पार्क येवो वा न येवो, मुद्रांक विक्रेता आणि वकील यांच्यापुरता तो प्रकल्प कार्यान्वित झालेला असतो. यानंतर पाच-सात वर्षांनी त्याच जागेवर ‘प्रस्तावित थीम पार्कपासून दहा मिनिटांवर’ अशी जाहिरात करणारी गृहसंकुले उभी राहतात. त्यांपैकी एखादे पार्कच्याच जागेवर असते.

अफवेला नावाची जोड मिळाली की तिची वाढ दुप्पट होते, आणि नावांमध्ये डिस्नेलँड हे सर्वांत गुणकारी मानले जाते. डिस्नेची पार्क आजवर सहा ठिकाणी उभी राहिली: कॅलिफोर्निया, फ्लोरिडा, टोकियो, पॅरिस, हाँगकाँग आणि शांघाय. मे 2025 मध्ये कंपनीने सातवे ठिकाण जाहीर केले. ते अबुधाबी निघाले. त्याच वर्षी हरियाणा सरकारने मानेसरजवळ सुमारे 500 एकरांवर डिस्नेलँड उभारण्याचा विचार बोलून दाखवला. भारतात डिस्नेलँडची बातमी अशी वेळोवेळी येत असते. तिच्यात मुख्यमंत्री असतात, एकर असतात, रोजगाराचे आकडे असतात. डिस्ने कंपनी बहुधा नसते.

पार्क खरोखर येणार असते तेव्हा काय घडते, याचे प्रमाण उदाहरण फ्लोरिडाचे आहे. 1964-65 मध्ये ओरलँडोजवळ कोणीतरी जमीन घेत सुटले होते. खरेदीदार म्हणून ‘रीडी क्रीक रँच’, ‘लॅटिन-अमेरिकन डेव्हलपमेंट अँड मॅनेजमेंट कॉर्पोरेशन’ अशी नावे लागत होती. दलदल, रान आणि संत्र्यांच्या बागा मिळून सुमारे 27 हजार एकर जमीन अवघ्या 50 लाख डॉलरच्या आसपास हस्तगत झाली. गावात अफवा होत्या. पण त्या मोटारींचा, विमानांचा, अंतराळयानांचा कारखाना येतोय अशा. ऑक्टोबर 1965 मध्ये ‘ओरलँडो सेंटिनेल’च्या एमिली बेव्हार या वार्ताहर कॅलिफोर्नियात वॉल्ट डिस्नेंना भेटल्या आणि जमीन तुम्हीच घेताय का, असे त्यांनी विचारले. डिस्नेंनी इन्कार केला, पण मध्य फ्लोरिडाचा पाऊस, हवा, पर्यटक यांची इतकी तपशीलवार माहिती दिली की बेव्हार यांना उत्तर मिळून गेले. वृत्तपत्राने नाव फोडले, भाव आभाळाला भिडले आणि 15 नोव्हेंबर रोजी अधिकृत घोषणा झाली. तोवर बहुतेक खरेदी उरकली होती. यावरून या शास्त्राचा पहिला नियम सिद्ध होतो: ज्याला पार्क बांधायचे असते तो गप्प बसून जमीन घेतो, ज्याला जमीन विकायची असते तो पार्कविषयी बोलतो.

दुसरा नियम लंडनजवळच्या स्वान्सकोम्बने दिला. तेथे थेम्सच्या काठावर 2012 मध्ये मोठे थीम पार्क जाहीर झाले. पॅरामाउंटचे नाव जोडले गेले, सरकारने 2014 मध्ये प्रकल्पाला राष्ट्रीय महत्त्वाच्या पायाभूत सुविधेचा दर्जा दिला, आराखड्यांवर आराखडे निघाले. 2017 मध्ये पॅरामाउंट बाहेर पडले. शिवाय त्या पडीक जागेत उड्या मारणाऱ्या कोळ्याची एक दुर्मीळ जात राहत होती. ब्रिटनमध्ये ती मोजक्याच ठिकाणी उरली आहे. 2021 मध्ये परिसराला संरक्षण मिळाले आणि 2022 मध्ये परवानगीचा अर्ज मागे घेण्यात आला. आठ पायांच्या त्या जिवाला पाळणे, तिकीट किंवा जाहिरात यांपैकी कशाचीही गरज नव्हती. तो त्या जमिनीवर खरोखर राहत होता, एवढेच त्याचे भांडवल. त्याच देशात बेडफर्डजवळ विटांच्या जुन्या भट्ट्यांची जमीन युनिव्हर्सलने आधी विकत घेतली, 2023 मध्ये ती आपण घेतल्याचे सांगितले आणि 2025 मध्ये पार्कची घोषणा केली. उद्घाटन 2031 मध्ये अपेक्षित आहे. म्हणजे दर्जा, नाव आणि आराखडा असूनही खरेदीखत नसेल तर पार्क नसते.

महाराष्ट्रातील उभ्या राहिलेल्या पार्कांचा अनुभव पाहता येऊ घातलेल्यांनी येण्याची घाई का करू नये, हे समजते. गोराईचे एस्सेल वर्ल्ड 1989 मध्ये सुरू झाले. बोटीने खाडी ओलांडून तेथे जाणे हा दोन पिढ्यांच्या मे महिन्याच्या सुटीचा भाग होता. पुढे त्याचे पाळणे थांबले. रेसकोर्सवरच्या पार्कची मागणी ज्या 2013 मध्ये झाली, त्याच वर्षी खालापूर तालुक्यात मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाजवळ इमॅजिका खरोखर सुरू झाले. त्यासाठी आंदोलन, ठराव, पत्रकार परिषद यांपैकी कशाची गरज पडली नाही, कर्जाची पडली. त्या कर्जाच्या ओझ्याने 2022 मध्ये मालकी बदलली. पाळणा रिकामा फिरला तरी वीज खातो, कोकणपट्टीत चार महिने पाऊस कोसळतो, शाळांच्या सहली डिसेंबर-जानेवारीत एकदम येतात आणि उरलेले आठवडे सोमवार ते शुक्रवार असतात. जुलै 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा अशा पार्कच्या तिकिटावर 28 टक्के कर बसला. जानेवारी 2018 मध्ये तो 18 टक्क्यांवर आला. येऊ घातलेल्या पार्कवर कोणताही कर नाही.

अफवेचा अंत तीन प्रकारे होतो. पहिल्यात अधिकृत इन्कार येतो. तो शक्यतो टाळावा, कारण इन्कार झाला की ‘काहीतरी असल्याशिवाय इन्कार कशाला करतील’ या न्यायाने अफवा नव्याने फुटते. दुसऱ्यात समिती नेमली जाते. ती अभ्यासदौऱ्यावर सिंगापूरला जाऊन येते आणि अहवाल सादर होईपर्यंत सरकार बदलते. तिसऱ्यात भाडेपट्ट्याचा निकाल लागतो, जमिनीची वाटणी होते, आणि ज्यासाठी सारा खटाटोप होता ते काम पार्कविनाच पूर्ण होते. तिसरा अंत झाल्यावर अफवा परत येत नाही. ती पट्टा संपत आलेल्या पुढच्या जमिनीकडे जाते.

सामान्य नागरिकाने एखादे येऊ घातलेले पार्क खरे की खोटे हे ठरवायचे झाल्यास संकल्पचित्र, घोषणा आणि नेत्यांचे दौरे बाजूला ठेवून तीन कागद पाहावेत. पहिला सातबारा किंवा मिळकतपत्रिका: मालक कोण आणि फेरफार कधी झाला. दुसरा भाडेपट्टा: तो कधी संपतो. तिसरा विकास आराखडा: त्या भूखंडावर आरक्षण कशाचे आहे आणि ते बदलण्याची सूचना निघाली आहे का. यांत कुठेही थीम पार्कचा उल्लेख सापडत नाही, हे पाहून निराश होऊ नये. कागद नीट वाचल्यास तेथे काय येणार आहे, हे बहुधा कळते.