सर्वपक्षीय आप्पा

ज्या गावात नगरपालिका आहे, जिल्हा बँकेची शाखा आहे आणि हजार माणसांचं मंगल कार्यालय आहे, तिथे आप्पा असणारच. कुठे त्यांना तात्या म्हणतात, कुठे बापू. पेहराव मात्र सगळीकडे एकच: पांढरा झब्बा आणि बदामी जाकीट. भगवा, हिरवा, निळा हे रंग केव्हाच कुणाकुणाचे होऊन बसले. बदामीवर अजून कुणी हक्क सांगितलेला नाही.

आप्पांचं बी-बियाण्यांचं दुकान आहे, ते मुलगा बघतो. आप्पा स्वतः सर्वपक्षीय सत्कार समितीचे तहहयात स्वागताध्यक्ष. कुणाची पंच्याहत्तरी येवो, कुणाचा पुतळा बसो, काल सभेत एकमेकांचा बाप काढणारे दोन पुढारी आज शेजारी बसवायचे, हे त्यांचं काम. ‘आज आपण सगळे पक्षाचे जोडे बाहेर काढून इथे आलो आहोत,’ हे त्यांच्या प्रास्ताविकाचं पहिलं वाक्य गेली कित्येक वर्षं बदललेलं नाही. अलीकडे फक्त त्यांची नजर जोड्यांवर असते. आलेला माणूस जाताना कुणाचे घालून जाईल, याचा नेम राहिलेला नाही.

खरी परीक्षा समईपाशी. पूर्वी सोपं होतं. मोठे पक्ष चार, वाती पाच. उरलेली वात सत्कारमूर्तींची. 2022 मध्ये शिवसेना फुटली, 2023 मध्ये राष्ट्रवादी. पक्ष झाले सहा आणि समईची तोंडं पाचच. आप्पा तांबट आळीत जाऊन सात तोंडांची समई मिळते का, ते विचारून आले. शेवटी तोडगा निघाला: एकाने मेणबत्ती धरायची, दुसऱ्याने नारळ वाढवायचा. पण मेणबत्ती एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाते आणि काकाच्या गटाने पुतण्याच्या गटाकडून ती घ्यायची की कसं, हा पेच उरलाच. आता आप्पा मेणबत्त्याच दोन आणतात.

खुर्च्यांचं तर शास्त्र आहे. आमदारांना फोन जातो, ‘साहेब, तुमची खुर्ची सत्कारमूर्तींच्या उजव्या हाताला.’ लगेच माजी आमदारांना दुसरा फोन, ‘दादा, तुमची खुर्ची उजवीकडेच.’ दोन्ही खरं असतं. एकाला मंचावर बसून दिसणारी उजवी बाजू सांगितलेली असते, दुसऱ्याला प्रेक्षकांतून दिसणारी. फ्लेक्सवर कुणाचा फोटो केवढा, हे ते फूटपट्टीने मोजतात. आणि मिशी धरून मोजायचं की सोडून, यावरून छापखान्यात एकदा तासभर वाद झालेला मी पाहिला आहे.

मग येतो तो क्रेनने उचललेला हार. सगळे पुढारी त्यात घ्यायचे आणि हात उंचावून फोटो. दोघांचे हात एकमेकांना लागायला तयार नसले की आप्पा स्वतः मधे शिरतात आणि डाव्याउजव्या हातांनी दोघांचीही मनगटं वर उचलतात. तालुक्याच्या ऐक्याच्या प्रत्येक छायाचित्रात म्हणूनच मधोमध एक बदामी जाकीट दिसतं.

आप्पांच्या दृष्टीने आदर्श कार्यक्रम एकच: 10 डिसेंबर 2015, विज्ञान भवन, दिल्ली. शरद पवारांच्या पंच्याहत्तरीचा सोहळा, आणि राष्ट्रपती प्रणव मुखर्जी, पंतप्रधान मोदी, सोनिया गांधी, सगळे हजर. आप्पांनी तो टीव्हीवर पाहिला. भाषणं त्यांना आठवत नाहीत, आसनव्यवस्था तोंडपाठ आहे. उलट 20 जुलै 2018 ला अविश्वास ठरावाच्या चर्चेत राहुल गांधींनी जागेवर जाऊन मोदींना मिठी मारली, तेव्हा ते हळहळले. ‘आधी कळवलं नाही, समोरचा माणूस उठलासुद्धा नाही, आणि वर डोळा मारला! असं असतं होय ऐक्य?’

अधिवेशनाच्या आदल्या दिवशीच्या चहापानावरही त्यांचं मत आहे. मुख्यमंत्री बोलावतात, विरोधक पत्रकार परिषद घेऊन बहिष्कार घालतात, मग मुख्यमंत्री पत्रकार परिषद घेऊन खंत व्यक्त करतात. पुढे बाजू बदलल्या की बहिष्कारवाले खंत करतात आणि खंतवाले बहिष्कार. आप्पांच्या मते हाच राज्यातला सर्वांत शिस्तीत चाललेला सर्वपक्षीय कार्यक्रम; बहिष्काराची वेळ तेवढी पत्रिकेत छापायला हवी.

मी एकदा त्यांना 2006 ची आठवण करून दिली. सुप्रिया सुळे राज्यसभेसाठी उभ्या राहिल्या, तेव्हा बाळासाहेब ठाकऱ्यांनी त्यांच्याविरुद्ध उमेदवारच दिला नाही आणि त्या बिनविरोध गेल्या. आयुष्यभर ज्या शरद पवारांवर तोंडसुख घेतलं, त्यांच्या मुलीसाठी लढतच सोडून दिली. माझ्या मते ऐक्य म्हणायचं तर असल्याला म्हणावं, कारण त्यात काहीतरी हातचं गेलं. आप्पा म्हणाले, ‘ते ठीक आहे हो, पण हार कुठाय?’ मग मी 2016 काढलं. पावसाळी अधिवेशनात आमदारांच्या पगारवाढीचं विधेयक चर्चेविना मंजूर झालं होतं. तिथे ना समई लागली, ना क्रेन, ना आप्पा. हे मात्र त्यांना लागलं. दोन दिवस बोलले नाहीत.

कार्यक्रम संपला की पुढारी एकाच ताटातला पेढा एकमेकांना भरवतात. मंडपाच्या दोरीपाशी मतदानाच्या दिवशी डोकं फोडून घेतलेला पोरगा उभा असतो. ज्याच्या माणसाने डोकं फोडलं, त्याच्या तोंडात आपल्या साहेबांनी पेढा घातलेला त्याला दिसतो. कोर्टाची तारीख पुढच्या सोमवारी असते. आप्पा त्याच्याही हातावर पेढा ठेवतात. एवढी माणुसकी त्यांच्यात आहे.

मागे नगरपालिकेला आप्पा स्वतःच अपक्ष उभे राहिले. सगळेच आपले, तर विरोधात कोण जाणार, असा त्यांचा हिशेब. सहाही पक्षांनी उमेदवार दिले. सहाही पक्षांच्या नेत्यांनी फोन करून मनापासून शुभेच्छा दिल्या. आप्पांचं डिपॉझिट गेलं. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी सगळे नेते त्यांच्या घरी चहाला जमले आणि आप्पांच्या पंच्याहत्तरीसाठी सर्वपक्षीय सत्कार समिती एकमताने नेमली गेली. पत्रिका, हार आणि क्रेनचा खर्च आप्पांनी करायचा, हेही एकमतानेच ठरलं.