जागतिक शांतता, ऑफ तास

गणिताच्या बाई रजेवर गेल्या की नववीच्या वर्गात जागतिक शांतता नांदते. ब्लेझर चढवलेला, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातला एखादा दादा येतो आणि पंख्याच्या खडखडाटात संयुक्त राष्ट्रांची लुटुपुटीची सुरक्षा परिषद भरवतो. देश १५, नकाराधिकार फक्त ५ जणांना, तोही १९४५ पासून. मागच्या बाकावरून विचारणा होते, “मग उरलेले दहा तिथे करतात काय?” दादा स्लाइड पुढे ढकलतो. खरं तर नववीच्या राज्यशास्त्रात संयुक्त राष्ट्रांवर अख्खा धडा आहे. पण तो शिकवल्याबद्दल त्या विषयाच्या बाईंना कुणी प्रमाणपत्र देत नाही. दादाला मिळतं, परदेशी विद्यापीठाच्या अर्जाला जोडायला. युक्रेन आणि गाझा वेळेअभावी राहून जातात. ग्रुप फोटोला मात्र वेळ निघतो. त्यात रशिया झालेल्या पोरीचे डोळे मिटलेले येतात, म्हणून तो पुन्हा काढावा लागतो.