उद्यापासून : संकल्पाभावाची मीमांसा

पहाटे उठून फिरायला जाण्याविषयी वैद्यकशास्त्राने विपुल लेखन केले आहे. न जाण्याविषयी मात्र, ते अधिक व्यापक आणि अधिक सातत्यपूर्ण असूनही, शास्त्रशुद्ध विवेचन आढळत नाही. प्रस्तुत निबंधाचे प्रयोजन हेच.

1. लक्षण

'उद्यापासून' या पदाने आरंभ होणारा, भोजनोत्तर काळी उच्चारलेला व उच्चारणाऱ्यास तत्काळ समाधान देणारा निश्चय म्हणजे संकल्प. यातील 'भोजनोत्तर' हे विशेषण अपरिहार्य आहे. उपाशी पोटी मिताहाराचा निश्चय संभवत नाही. 'तत्काळ समाधान देणारा' हे पद गाळल्यास डॉक्टरांनी सांगितलेल्या पथ्यावर अतिव्याप्ती होते.

2. कालनिर्णय

परंपरेने मुहूर्त साडेतीन मानले. संकल्पशास्त्रात त्यांत 52 सोमवार, 12 महिन्यांच्या पहिल्या तारखा आणि एक वाढदिवस मिळवावा लागतो, एकूण साडेअडुसष्ट. दाई, मिल्कमन व रीस या संशोधकांनी 2014 साली, आठवडा, महिना व वर्ष यांच्या आरंभी व्यायामशाळेतील उपस्थिती वाढते असे दाखवून सोमवारवादी संप्रदायास बळ दिले. पाडवावाद्यांचा आक्षेप असा, की सोमवार वारंवार येत असल्याने मोडायला सोपा. सोमवारवादी हाच त्याचा गुण मानतात.

बुधवारी सुचलेला संकल्प सोमवारपर्यंत मुरू द्यावा. मधल्या चार दिवसांत बटाटेवडा निषिद्ध नाही. श्रावण पाळण्यापूर्वी गटारी साजरी होते, त्या परंपरेवरून यास 'गटारीन्याय' म्हणतात.

3. चतुर्विध अभाव

वैशेषिकांनी अभावाचे चार प्रकार सांगितले आहेत. ते फिरण्यास तंतोतंत लागू पडतात.

(अ) प्रागभाव. हा अनादी, परंतु सांत. बूट आणलेले आहेत, त्यांत कागदाचे बोळे अद्याप आहेत. या अवस्थेत साधक पावले मोजणाऱ्या घड्याळांचा तौलनिक अभ्यास करतो. दहा हजार पावलांचे प्रमाण 1965 च्या एका जपानी पाऊलमापकाने रूढ केले. 'मान्पो-केई' या त्याच्या नावाचा अर्थच 'दहा हजार पावलांचा मापक'. पाऊल उचलण्यापूर्वी संख्या निश्चित करणे, ही प्रागभावाची खूण होय.

(आ) प्रध्वंसाभाव. हा सादी, परंतु अनंत. चार दिवस जाणे झाले, पाचव्या दिवशी खंडले. पाऊस, पाहुणे आणि पडसे ही निमित्तकारणे, उपादानकारण गोधडी. फिलिपा लॅली व सहकाऱ्यांच्या 2010 च्या अभ्यासात सवय अंगवळणी पडण्यास सरासरी 66 दिवस लागले. कमीत कमी 18, जास्तीत जास्त 254. चतुर्थदिनवादी या आकड्यांस विरोध करीत नाहीत. त्यांचा तिथवर संबंध येत नाही.

(इ) अत्यंताभाव. भूत, वर्तमान व भविष्य या तिन्ही काळी असणारा. व्यायामशाळेचे वार्षिक शुल्क भरलेले आहे, उंबरठा ओलांडलेला नाही. एकदम भरल्याने मिळालेली सवलत हेच येथील फल, आणि ते पहिल्याच दिवशी प्राप्त होते.

(ई) अन्योन्याभाव. घट हा पट नव्हे, तसे जाणे हे चालणे नव्हे. साधक साडेपाचला उठतो, बूट बांधतो, कोपऱ्यावर तिघांना भेटतो, मिसळ खातो आणि आठाला परततो. चारही अभावांत दीर्घायुषी हाच. वीस-वीस वर्षे एकही दिवस न चुकवणारे साधक याच वर्गात सापडतात. त्यांना संकल्प केल्याचे स्मरत नाही.

4. प्रेरणाविचार

कौटुंबिक व्हॉट्सअॅप समूहावर संकल्प घोषित केल्यास अंगठे प्राप्त होतात. पीटर गोल्विट्झर व सहकाऱ्यांनी 2009 साली दाखवले, की 'मी अमुक होणार' अशा ध्येयाची इतरांनी दखल घेतली, की प्रयत्न मंदावतात. अंगठ्यांनीच ध्येय गाठल्याचा प्रत्यय येतो. पायांना काही उरत नाही. त्याआधी 1999 साली गोल्विट्झर यांनी जर-तर पद्धतीचा पुरस्कार केला होता : 'जर सहा वाजले, तर बूट घालीन.' मराठी घरांत ही पद्धती प्रचलित आहेच; तेथील पाठ 'जर जाग आली, तर बघू' असा आहे.

5. उपसंहार

पूजेत संकल्प करताना पळीभर पाणी ताम्हणात सोडतात. एखाद्या गोष्टीची आशा टाकणे यासही मराठीत तिच्यावर पाणी सोडणे असेच म्हणतात. एकाच क्रियेने आरंभ व समाप्ती दोन्ही साधणारे हे मितव्ययी शास्त्र आहे. पाणी तेच, सोडणाराही तोच. भेद केवळ चार दिवसांचा.